धोंडा खायला गेलो अन् गाळात बसलो

2023 च्या अधिक श्रावणात बायकोपोरांसह भोकरदनहून घनसावंगी तालुक्यात सासुरवाडीला धोंडा खायला निघालो. वाटेत टायर पंक्चर, तरी डांबरीनं नीट पोचलो. पुढं शेतवस्तीची पाणंद. काळ्या चिखलात गाडी रुतली. मेव्हण्यानं ट्रॅक्टरनं ओढली, तर बंपरच निघून आला! पोरीची चप्पल अजून तिथंच आहे. धोंडा रात्री दहाला खाल्ला.

हसू नका. याच पाणंदीनं मोसंबी निघते अन् बाळंतपणाला अडलेली बाईसुद्धा. गाडी बागेपर्यंत जात नाही म्हटलं की व्यापारी भाव पाडतोच.

माझं मत स्पष्ट आहे. पाणंद आपणच खाल्ली, दरवर्षी नांगराचं एकेक तास. सासऱ्यांचाही बांध पुढं सरकलेला दिसला. जावई म्हणून गप्प बसलो. अन् माझा तरी कुठं जागेवर आहे?

अडवलेल्या वाटेसाठी तहसीलदाराकडे मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 चं कलम 5 आहे, नव्या वाटेसाठी जमीन महसूल संहितेचं कलम 143. पण पाणंद मोकळीच नसेल तर मुरूम टाकायचा कुठं?

आधी मी माझा बांध मागं घेतोय. सासऱ्यांना सांगायला 2026 च्या ज्येष्ठातला धोंडा आहेच.