जेऊरहून कमळाभवानीकडे : एका देवळापुढे तोकडे पडणारे दोन रकाने

१/ पुणे-सोलापूर लोहमार्गावर दौंड मागे पडले, की कुर्डुवाडीच्या आधी जेऊर लागते. करमाळा तालुक्यातील हे गाव तीर्थक्षेत्र म्हणून ओळखले जात नाही. पण करमाळ्याच्या कमळाभवानीला रेल्वेने जाणारा भाविक इथेच उतरतो आणि उत्तरेकडे सुमारे २० किलोमीटर रस्त्याने जातो. हा धागा त्या रस्त्याच्या टोकाला उभ्या असलेल्या देवळाविषयी आहे, आणि ते देऊळ आजच्या इतिहासवाचनाला जो प्रश्न विचारते त्याविषयी.

२/ समाजमाध्यमांवर मराठ्यांचा इतिहास बहुधा दोन रकान्यांत लिहिला जातो. एकात स्वराज्याचे, दुसऱ्यात शत्रूचे. माणूस कोणत्या रकान्यात बसतो हे एकदा ठरले, की त्याची निष्ठा, त्याचा धर्म, त्याची नियत सारे आपोआप ठरून जाते. कागदपत्रे पाहण्याची गरज उरत नाही. कमळाभवानीचे मंदिर या मांडणीत बसत नाही.

३/ करमाळा शहराबाहेर ‘देवीचा माळ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणी हे मंदिर आहे. बांधकामाचा काळ इ.स. १७२७ च्या सुमाराचा. उंच दीपमाळा, दाक्षिणात्य वळणाची प्रवेशद्वारे, प्रशस्त प्राकार. ९६ खांब, ९६ ओवऱ्या आणि ९६ पायऱ्यांची बारव ही या देवस्थानाची ख्याती. कमळाभवानी म्हणजे तुळजापूरच्या भवानीचेच दुसरे ठाणे, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

४/ मंदिर बांधणारे रावरंभा निंबाळकर. मूळ नाव रंभाजी. ‘रावरंभा’ हा किताब. छत्रपती शाहूंची बाजू सोडून निजामाकडे गेलेल्या मराठा सरदारांत चंद्रसेन जाधवांबरोबर त्यांचे नाव घेतले जाते. करमाळा हे त्यांच्या घराण्याचे ठाणे झाले. तिथला किल्ला रावरंभांनी बांधायला घेतला आणि पुत्र जानोजींनी पुरा केला. निंबाळकर हे आडनाव इतिहासाच्या प्रत्येक वाचकाला ठाऊक असते, कारण शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई फलटणच्या निंबाळकरांच्या कन्या.

५/ आता १७२७ या सालाकडे पाहावे. याच सुमारास निजाम-उल-मुल्काने शाहूंच्या चौथाई-सरदेशमुखीच्या हक्कांना आव्हान दिले होते आणि कोल्हापूरच्या संभाजींचा दावा पुढे केला होता. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडला पहिल्या बाजीरावाने निजामाची कोंडी केली. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला.

६/ म्हणजे ज्या काळात शाहू आणि निजाम समोरासमोर उभे ठाकले होते, त्याच काळात निजामाच्या पदरचा एक मराठा सरदार भवानीचे भव्य देऊळ उभारत होता. आणि भवानी तर भोसले घराण्याचीही कुलदेवता. रावरंभांना कोणत्या रकान्यात बसवायचे?

७/ सोपी उत्तरे तीन. पहिले : ‘ते मनाने स्वराज्याचेच होते.’ दुसरे : ‘फितुरीचे पाप धुण्यासाठी देऊळ बांधले.’ तिसरे : ‘निजाम उदार होता, म्हणून हे घडले.’ तिन्ही उत्तरांत एक समान दोष आहे. निष्कर्ष आधी ठरलेला असतो आणि माणसाचे मन त्याला जुळवून घेतले जाते. देवळाचा दगड यांपैकी एकाचीही साक्ष देत नाही.

८/ त्याहून सरळ उत्तर त्या काळाच्या व्यवहारात सापडते. जहागीरदाराला आपले ठाणे वसवायचे असते. त्यासाठी किल्ला लागतो, पेठ लागते, पाणी लागते आणि माणसे वर्षातून एकदा तरी जमतील असे दैवत लागते. करमाळ्यासारख्या अवर्षणप्रवण मुलखात खोल बारव ही शोभेची वस्तू नव्हे. चाकरी एका दरबाराची, श्रद्धा कुलदेवीवर आणि नाळ आपल्या मुलखाशी : अठराव्या शतकातील सरदार या तिन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळत असे. त्याला त्यात विसंगती वाटत होती, असे मानायला आधार लागतो.

९/ याचा अर्थ त्या काळात सर्वत्र सलोखा नांदत होता असाही नाही. १६५९ च्या स्वारीत अफझलखानाने तुळजापूर-पंढरपूरला दिलेल्या उपद्रवाची आठवण मराठी परंपरेने जपली आहे. १६९५ ते १६९९ या काळात औरंगजेबाची छावणी याच भीमेकाठी ब्रह्मपुरीला होती, आणि छावणीचा भार आसपासच्या रयतेवर पडणारच. कमळाभवानीचे उदाहरण देऊन हे पुसता येत नाही. आणि हे सांगून रावरंभांचे देऊळही पुसता येत नाही. प्रत्येक घटनेला तिचाच पुरावा लागतो.

१०/ पंढरपूरचे शिलालेखही हाच धडा देतात. १२३७ च्या तिथल्या संस्कृत-कन्नड लेखात होयसळ राजा सोमेश्वराने विठ्ठलाला गाव दिल्याची नोंद आहे. पुढे १२७३ ते १२७७ या काळातील ‘चौऱ्यांशीच्या लेखा’त देवळाला दान देणाऱ्यांत यादव राजा रामचंद्र आणि हेमाद्री दिसतात. आजच्या राज्यसीमा आणि भाषेचे वाद घेऊन तिथे गेलेल्याला विठोबा कोणाचा, याचे उत्तर त्या दगडांवर मिळत नाही.

११/ जेऊरचा लोहमार्गही असाच रकान्यांबाहेरचा. डिकसळ ते बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, हा टप्पा १८५९ मध्ये सुरू झाला. पुढे कुर्डुवाडीहून पंढरपूरला अरुंद मापाची गाडी नेली ती बार्शी लाइट रेल्वेने, १९०६ मध्ये. कंपनी लंडनची, हेतू नफ्याचा. आणि तिच्याच डब्यांतून वारकऱ्यांच्या पिढ्या विठ्ठलाच्या पायाशी पोहोचल्या.

१२/ सर्वांत अवघड प्रश्न मात्र अलीकडचा आहे. १९८० मध्ये भीमेवरचे उजनी धरण पूर्ण झाले. करमाळा, इंदापूर परिसरातील गावे जलाशयात गेली. इंदापूर तालुक्यातले पळसदेवचे प्राचीन मंदिरही बुडाले. धरण आटते तेव्हा त्याचे शिखर, मग मंडप उघडा पडतो. याच पाण्याने जिल्ह्यात ऊस उभा राहिला, शहरांची तहान भागली. देऊळ गेले, पण इथे कोणी आक्रमक नव्हता. लोकनियुक्त सरकार होते, सिंचनाची निकड होती आणि घरदार सोडणारी आपलीच माणसे होती. या घटनेसाठी दोन्ही रकान्यांत जागा नाही, म्हणूनच कदाचित तिच्यावर धागे कमी लिहिले जातात. पाणी ओसरले की छायाचित्रे मात्र भरपूर येतात.

१३/ तीर्थक्षेत्री जाणाऱ्या तरुण अभ्यासकाने म्हणून काही साधे प्रश्न सोबत न्यावेत. देऊळ कोणाच्या पैशाने उभे राहिले? तो पैसा कोणत्या मुलखाच्या वसुलीतून आला? पाणी कुठून येते? पूजा, वाजप, झाडलोट यांचे मान कोणाकडे आहेत? मूळ बांधकाम कोणते आणि नंतरची भर कोणती? लेख असेल तर त्यावर चुना किंवा तैलरंग चढला आहे का? चढला असेल तर देवस्थानाशी आदराने बोलावे. एका रंगाच्या हाताखाली अख्खा पुरावा नाहीसा होतो.

१४/ देवीपुढे हात जोडणारा आणि खांब मोजणारा, दोघांनाही त्या प्राकारात जागा आहे. बहुतेक वेळा तो एकच माणूस असतो. जेऊरला उतरून करमाळ्याला जाणाऱ्याने दर्शन जरूर घ्यावे. मग बारवेच्या पायऱ्या उतरून पाहाव्यात, गावातला किल्ला पाहावा आणि परतताना उजनीच्या काठावर थांबावे. रावरंभा निंबाळकरांवर निकाल देण्याची घाई तोवर बाजूला ठेवता येईल.