मोतीबिंदू : कधी थांबायचे, कधी नाही

‘अजून पिकला नाही, पिकल्यावर बघू.’ कोल्हापूर जिल्ह्यातल्या कितीतरी ज्येष्ठांनी हे उत्तर ऐकून घरची वाट धरलेली असते. आणि पुष्कळदा ते आपल्यापैकीच कुणा डॉक्टरने दिलेले असते.

एके काळी हा सल्ला योग्य होता. भिंग आवरणासकट काढले जाई, नंतर जाड चष्मा कायमचा लागे. म्हणून नजर पुरती मंदावेपर्यंत थांबणे शहाणपणाचे ठरे. १९४९ मध्ये हॅरोल्ड रिडली यांनी कृत्रिम भिंग बसवले, १९६७ मध्ये चार्ल्स केलमन यांनी फेको शस्त्रक्रिया आणली आणि गणित उलटले. आता जितके थांबावे तितका भिंगाचा न्यूक्लियस तपकिरी आणि कठीण होतो, फेकोची ऊर्जा जास्त लागते, कॉर्नियाच्या आतल्या पेशी जास्त गळतात आणि मागचे आवरण फाटण्याचा धोका वाढतो.

सगळे मोतीबिंदू एका चालीने वाढत नाहीत. न्यूक्लियर प्रकार वर्षानुवर्षे घेतो. मधल्या काळात वाचनाचा चष्मा सुटतो आणि घरचे ‘नजर सुधारली’ म्हणून निर्धास्त होतात. मागच्या आवरणालगतचा प्रकार, विशेषतः मधुमेहींत आणि दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांत, काही महिन्यांतच कामाच्या आड येऊ शकतो. हुपरीच्या चांदी कारागिराची दूरची नजर ६/९ असेल, पण जवळचे बारीक काम आणि समोरचा दिवा या दोन्हींत तो हतबल होईल. तक्त्यावरचा आकडा त्याची अडचण सांगणार नाही.

म्हणून पहिला प्रश्न हा हवा : नजरेमुळे तुमचे कोणते काम अडते? काहीच अडत नसेल, तर शस्त्रक्रियेची घाई नको. शिबिरातला आकडा वाढवण्यासाठी तर मुळीच नको. हळू वाढणाऱ्या मोतीबिंदूसाठी उसाचा हंगाम संपेपर्यंत थांबायलाही हरकत नाही, मात्र पुढच्या तपासणीची तारीख ठरवूनच. मोतीबिंदू विरघळवणारे सिद्ध झालेले औषध नाही, हेही स्पष्ट सांगावे.

काही ठिकाणी मात्र थांबणे धोक्याचे आहे. भिंग फुगून डोळ्याचा दाब वाढत असेल, अतिपक्व भिंगातून प्रथिने झिरपून काचबिंदू झाला असेल, किंवा मधुमेहीचे दृष्टिपटल दिसतच नसेल, तर रुग्णाची तक्रार असो वा नसो, त्याला विलंब न लावता नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. डोळा लाल होऊन दुखू लागला, तर त्याच दिवशी.

२०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्यांतील अंधत्वाचे ६६.२ टक्के कारण मोतीबिंदूच निघाले. गगनबावडा, चंदगड, शाहूवाडीतला रुग्ण आधी गावच्या डॉक्टरकडे येतो, तोही बहुधा रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्यांसाठी. त्याच भेटीत एकेक डोळा झाकून नजर तपासावी. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा अन्यत्र पाठवताना चिठ्ठीत नुसते ‘मोतीबिंदू’ लिहू नये. रुग्णाचे काम, त्यातली अडचण, साखर आणि चालू औषधेही लिहावीत. शस्त्रक्रियेची वेळ ठरवायला शल्यचिकित्सकाला हीच माहिती लागते.