महाविद्यालयाचे वाचनालय आणि घरचे वर्तमानपत्र

दहावीची परीक्षा देऊन जे विद्यार्थी व ज्या विद्यार्थिनी यंदा आमच्या शाळेचा निरोप घेतील, त्यांचे पालक लवकरच कॉलेजांच्या पायऱ्या झिजवू लागतील. शास्त्र शाखा घ्यावी की कला, फी किती, वसतिगृह आहे काय, एस. टी. वेळेवर पोहोचविते काय, हे सर्व प्रश्न विचारले जातील आणि ते विचारावयासच हवेत. परंतु एक प्रश्न असा आहे की जो आजवर कोणा पालकाने विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तो असा : या कॉलेजच्या वाचनालयाने कोणत्या वर्तमानपत्रांची इंटरनेटवरील वर्गणी भरली आहे, आणि ती पत्रे आमच्या मुलीस घरी बसून मोबाइलवर वाचता येतील काय? या वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या प्रश्नाविषयीच आम्ही आज चार शब्द लिहिणार आहोत.

काही वर्षांपूर्वीपर्यंत बहुतेक वर्तमानपत्रे इंटरनेटवर विनामूल्य वाचावयास मिळत. ते दिवस आता सरले. इंग्रजी पत्रांनी प्रथम आणि त्यांच्या पाठोपाठ काही मराठी पत्रांनीही आपले उत्तमोत्तम लेख वर्गणीच्या दाराआड ठेविले. दोन ओळी दिसतात आणि तिसऱ्या ओळीस पैशाची मागणी पुढे येते. यात वर्तमानपत्रांचा फारसा दोष आहे असे आम्हांस वाटत नाही. ज्या बातमीदाराने तालुक्याच्या ठिकाणी उन्हातान्हात हिंडून बातमी आणिली, त्यासही संध्याकाळी जेवावयाचे असते. तथापि ज्या घरात महिन्याचा किराणा उधारीवर येतो, त्या घराने ही वर्गणी कोठून भरावी?

येथेच वाचनालयाचे काम सुरू होते. वाचनालय सर्व सभासदांच्या वतीने एकच वर्गणी भरते. मग कॉलेजच्या आवारातील संगणकावर ते पत्र उघडते, आणि करारात तशी सोय ठेविली असेल तर विद्यार्थ्यास नाव व परवलीचा शब्द मिळून ते घरीही उघडते. अमेरिकेतील कित्येक सार्वजनिक वाचनालये आपल्या सभासदांस 'न्यूयॉर्क टाइम्स' वाचण्याचा ठराविक तासांचा परवाना अशाच रीतीने देतात. मुदत संपली की तो पुन्हा मागून घ्यावयाचा, इतकेच. आपल्याकडेही गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राने २०१० साली एन-लिस्ट नावाची योजना काढून कॉलेजांच्या विद्यार्थ्यांस घरबसल्या ग्रंथ व शास्त्रीय नियतकालिके वाचण्याची वाट करून दिली. म्हणजे ही यंत्रणा आपणांस नवी नाही. तिच्यात दैनिक वर्तमानपत्रास मात्र कोणी मानाचे पान दिले नाही.

या सोयीस लोक 'फुकट' म्हणतात. आम्हांस हा शब्द मुळीच मान्य नाही. कॉलेजच्या फीची पावती नीट वाचून पाहा. तिच्यात ग्रंथालय शुल्काचा रकाना बहुधा असतोच. तो पैसा बापाने ऊस तोडून किंवा आईने खुरपून मिळविलेला असतो. ज्याचे मोल आधीच दिले गेले, ते मागून घेण्यास लाज कसली? ते न मागणे म्हणजे दुकानदारास पैसे देऊन माल तेथेच ठेवून येण्यासारखे आहे.

एक अंक अनेकांनी वाचावा ही कल्पना तर महाराष्ट्रात फारच जुनी आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' १८३२ साली निघाले. आपल्या शेजारच्या अहमदनगरातून, ज्यास आता अहिल्यानगर म्हणतात, 'ज्ञानोदय' १८४२ साली निघाला. त्या काळी घरी पत्र घेणारे थोडे आणि ऐकणारे पुष्कळ, असाच प्रकार होता. पुण्यात १८४८ साली लोकहितवादींच्या पुढाकाराने जी नेटिव्ह जनरल लायब्ररी स्थापन झाली, तीच आजचे पुणे नगर वाचन मंदिर होय. आपल्या मराठवाड्यात परभणीचे गणेश वाचनालय १९०१ सालचे आहे. पुढे १९१० साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास आणवून मोफत वाचनालयांची योजना अंमलात आणिली आणि जेथे वाचनालय नव्हते तेथे पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरविल्या. वाचकाने वाचनालयाकडे यावे एवढ्यावर महाराज थांबले नाहीत. वाचनालयानेच वाचकाकडे जावे, हा त्या पेटीचा अर्थ होता.

आमचा बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि तेथे वर्तमानपत्र ही साधी चीज नव्हती. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली काढलेले 'मराठवाडा' हे पत्र सरकारने पुनःपुन्हा बंद पाडावे आणि त्याने दुसरे नाव धारण करून पुन्हा निघावे, असा खेळ वर्षानुवर्षे चालला. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी अशी पत्रे लपवून वाचली, त्यांच्या नातवंडांस आज कोणतीही बंदी नाही. अडचण आहे ती एका परवलीच्या शब्दाची.

आता आमच्या जिल्ह्याची स्थिती पाहा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात, ती चैत्राच्या आगेमागे परततात. काही मुले हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजीपाशी, आणि काही आईबापांबरोबर फडावर जातात. जी मागे राहून कॉलेजात जातात, त्यांतील पुष्कळांस सकाळच्या एस. टी. ने येऊन दुपारच्या एस. टी. ने परतावे लागते. वाचनालयातील वर्तमानपत्रांचे मेज दहा वाजता मांडले जाते आणि पाच वाजता आवरले जाते. तास चुकवावा तेव्हा अंक हाती येणार, आणि तोही दुसऱ्या कोणी सोडला तर! मुलींची अडचण आणखी निराळी आहे. शेवटची गाडी चुकली तर घरी काय होईल, या धास्तीने त्या त्या मेजाकडे वळतच नाहीत. त्यांनी वाचनाची आवड धरावी असे व्याख्यान त्यांस वर्षातून दोनदा ऐकविण्यात येते, हा भाग वेगळा.

आमच्या शाळेतून गेलेल्या एका मुलीची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. तिचे आईवडील ऊसतोडीस जातात. दिवाळीच्या सुटीत तीही धाकट्या भावास सांभाळावयास कोपीवर गेली आणि घरच्या अडचणीमुळे तिला तेथे सुटीहून बरेच अधिक दिवस राहावे लागले. राज्यसेवेच्या परीक्षेस बसण्याची तिची इच्छा, पण वाचावयास काय, तर मैत्रिणी मोबाइलवर धाडतील ती कात्रणे. तिच्या कॉलेजच्या वाचनालयाने एका इंग्रजी दैनिकाची इंटरनेटवरील वर्गणी भरलेली होती, आणि तशी सूचना काचेच्या फळीत टाचलेलीही होती. दुसऱ्या वर्षी परत आल्यावर तिने ती वाचली आणि ग्रंथपालांस भीत भीत विचारले. ते गृहस्थ सज्जन होते. म्हणाले, "अगं, आजवर कोणी मागितलेच नाही, मग द्यावे कोणास?" पुढच्या हंगामात ती कोपीवर गेली तेव्हा त्या दैनिकाचा अग्रलेख रोज वाचीत असे, भाकरी झाल्यावर, वडिलांचा मोबाइल मोकळा असेल तेव्हा. त्या परीक्षेत पुढे तिचे काय होईल ते आज कोणी सांगू शकत नाही. पण अन्य मुले जे वाचीत होती तेच तीही त्याच दिवशी वाचीत होती, ही गोष्ट आम्ही लहान समजत नाही.

व्हॉट्सअॅपवर पसरविल्या जाणाऱ्या अंकांचा उल्लेख येथे करणे भाग आहे. २०२० च्या टाळेबंदीत घरोघर अंक टाकण्यास राज्य सरकारने एप्रिल महिन्यात काही दिवस मनाई केली होती. त्या सुमारास संपूर्ण अंकच्या अंक पीडीएफ करून गटागटांतून फिरू लागले, आणि ही खोड पुढेही टिकली. वर्तमानपत्रांच्या चालकांनी हे बेकायदेशीर असल्याचे जाहीर केलेच आहे. ज्याने अंक तयार केला त्यास मोबदला न देता तो वाटणे ही चोरी आहे, मग वाटणारा कितीही परोपकारी बुद्धीचा असो. शिवाय व्यवहाराची गोष्टही आहेच. त्या फिरत्या पानांत काल काय होते, मधले पान कोणी गाळले, तारीख कोणी बदलली, याचा पत्ता लागत नाही. भरतीच्या खोट्या जाहिराती अशाच वाटेने येतात आणि गरिबाच्या मुलास अर्जाच्या पैशास बुडवून जातात. वाचनालयाच्या दारातून जो अंक येतो तो अस्सल व पूर्ण असतो.

यावर कोणी म्हणेल, मोबाइलवर बातम्या तर हव्या तितक्या फुकट येतात, मग ही यातायात कशास? येतात खऱ्या, परंतु कोणत्या? जे आपण कालच पाहिले, त्याच जातीचे आज पुन्हा पुढे येते. क्रिकेट पाहणाऱ्यास क्रिकेट आणि भांडण पाहणाऱ्यास भांडण. पूर्ण अंकात न मागितलेलेही भेटते. कापसाचा भाव पाहावयास पान उलटावे तो शेजारी न्यायालयाचा निकाल दिसतो. विनामूल्य ते सारेच निकस असते, असे मात्र आमचे म्हणणे नाही. पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेल्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात ऊसतोड मजुरांवरील लेख मराठीत वाचावयास मिळतात आणि त्यास एक पैसाही पडत नाही. आमच्या मुलांनी ते अवश्य वाचावेत. आपल्याच आईबापांचे श्रम छापील अक्षरांत पाहिल्यावर त्यांस जे वाटेल, ते पाठ्यपुस्तकाने वाटणार नाही.

सरकारकडे पाहता येथे एक विसंगती दिसते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके व ६,३०० हून अधिक सरकारी संस्था, असा तिचा विस्तार आहे. विद्वानांची सोय झाली याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु आमच्या जिल्ह्यातील बहुतेक कॉलेजे खासगी शिक्षणसंस्थांची असल्यामुळे ती या मांडवाबाहेर राहिली, आणि जी मांडवात आहेत त्यांसही शास्त्रीय नियतकालिकेच मिळणार, रोजचे वर्तमानपत्र नव्हे. रसायनशास्त्रावरील जाडे नियतकालिक शेकडा किती विद्यार्थी उघडतील? उलट वर्तमानपत्र सर्व शाखांचे विद्यार्थी उघडतील. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालापासून आहे. अनुदानित वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि तेथील वर्तमानपत्रांचे मेज येणाऱ्याजाणाऱ्यास मोकळे असते. तेच मेज मोबाइलवर मांडण्यास अनुदानात थोडी तरतूद का नसावी? आणि ती होईपर्यंत तालुक्यातील चार कॉलेजांनी मिळून एका मराठी व एका इंग्रजी दैनिकाशी करार का करू नये? एकट्याने मागितले तर भाव चढा सांगितला जातो. चौघांनी मिळून मागितले तर वर्तमानपत्रासही एकदम हजार-दोन हजार तरुण वाचक मिळतात. ग्रंथपालांस यात थोडे काम वाढेल, हे कबूल.

तेव्हा पालकहो, प्रवेशाच्या दिवशी पावती हाती घेतल्यावर इतके अवश्य विचारा : वाचनालयाकडे इंटरनेटवरील कोणती पत्रे आहेत, ती कॉलेजबाहेर उघडतात काय, आणि सुटीतही उघडतात काय. नाही असे उत्तर आले तर प्राचार्यांस एक साधा अर्ज लिहा. दहा पालकांच्या सह्या असल्या तर तो सहसा टोपलीत जात नाही. घरी मोबाइल एकच असेल तर त्यातील अर्धा तास मुलीचा ठरवून द्या, कारण तो आपोआप मुलाकडे जातो, हे आपण सारे जाणतो.

आणि मुलांनो, तुम्हांस मिळालेला परवलीचा शब्द मित्रास देऊ नका. तो शब्द तुमच्या नावावर असतो, आणि गैरवापर दिसताच एकट्याचाच नव्हे तर साऱ्या कॉलेजचा परवाना बंद होऊ शकतो. मित्र त्याच कॉलेजात असेल तर त्यास वाचनालयाच्या खिडकीपाशी घेऊन जा. ओळखपत्र बरोबर असू द्या. ती खिडकी दुपारच्या सुटीत बहुधा बंद असते, म्हणून सकाळीच गेलेले बरे.