उत्पन्नाचा दाखला आणि युनियनचे काम



लखनौच्या निशातगंज भागात एका भाड्याच्या खोलीत आमच्या दिवंगत साथीचे कुटुंब राहते. साथी मूळचा भुसावळकडचा, ट्रॅकमेंटेनर. नोकरीत असतानाच वारला. मागे पत्नी, कॉलेजात जाणारी मुलगी आणि शाळकरी मुलगा. २०२३ च्या डिसेंबरात वहिनी युनियन ऑफिसात आल्या. आम्हाला वाटले, पेन्शनचे काही अडले असेल. पण अडले होते ते मुलीचे. उत्तर प्रदेश सरकारच्या छात्रवृत्ती व शुल्क प्रतिपूर्ती योजनेचा तिचा अर्ज छाननीत संशयास्पद ठरला होता, आणि कॉलेजच्या बाबूने "आता काही होणार नाही" म्हणून वाटेला लावले होते. "भाऊ, फी भरली नाही तर परीक्षेचे काय?" एवढेच त्या बोलल्या.

मी मॅट्रिक शिकलेला माणूस. कॉलेजचा फॉर्म कधी भरला नाही. पण चार्जशीटला उत्तर लिहिताना आपण काय करतो? आधी आरोप नीट वाचतो. तसाच तो कागद वाचला. अर्जात उत्पन्न लिहिले होते कुटुंब निवृत्तिवेतनाचे, आणि सोबत नंबर दिला होता तो साथीने मुलीच्या प्रवेशाच्या वेळी काढलेल्या दाखल्याचा. त्यावर त्याचा पूर्ण पगार. इकडे उत्पन्नाचा दाखला तीन वर्षे चालतो, म्हणून वहिनींनी तो पेटीत जपून ठेवला होता. मुदत संपलेली नव्हती, पण ज्याचा पगार त्यावर होता तो माणूस राहिला नव्हता. संगणकाला हे कोण सांगणार?

त्या वर्षी खुल्या वर्गासाठी उत्पन्नाची मर्यादा दोन लाख होती. किमान कुटुंब निवृत्तिवेतन ९,००० रुपये, त्यावर तेव्हाचा ४६ टक्के महागाई भत्ता धरला तर वर्षाचे १,५७,६८० होतात. वहिनींचे याहून थोडे जास्त, तरी मर्यादेच्या आत. म्हणजे हक्क पक्का होता, अडचण होती ती एका जुन्या कागदाची.

मग धावपळ सुरू झाली. मृत्यूचा दाखला, पेन्शनचा आदेश, बँकेचे पासबुक आणि प्रतिज्ञापत्र घेऊन तहसील गाठली. लेखपाल म्हणजे आपल्याकडचा तलाठी. त्याची चौकशी झाल्याशिवाय दाखला निघत नाही. आमचा एक तरुण कार्यकर्ता रात्रपाळी करून सकाळी थेट तिथे जाऊन बसत होता. नवा दाखला मिळाला तेव्हा दुरुस्तीच्या मुदतीचे दोनच दिवस उरले होते. मुलीने दुरुस्ती केली, पण तेवढ्याने भागत नाही. कॉलेजने तो अर्ज पुन्हा पुढे पाठवावा लागतो, तरच तो जिल्ह्याच्या समितीपुढे जातो. आम्ही चौघे युनियनचे बिल्ले लावून कॉलेजात गेलो. आवाज चढवला नाही, बाबूच्या टेबलासमोर बसून राहिलो. अर्ज गेला आणि पुढे मंजूरही झाला. मात्र प्रतिपूर्ती याचा अर्थ आधी भरा, मग मिळेल. फी भरायला गँगमधल्या साथींनी वर्गणी काढली, हे इथे लिहिलेच पाहिजे.

वहिनींना नवा दाखला काढा असे कोणी सांगितले नव्हते. आम्हीही नाही. अंत्यविधीला गेलो, सेटलमेंटच्या कागदांवर सह्या घेतल्या, अनुकंपा नोकरीचा अर्ज लिहून दिला आणि आपले काम झाले असे समजलो. साथी वारला की वेल्फेअर इन्स्पेक्टर घरी जातोच. त्याच्या यादीत उत्पन्नाच्या नव्या दाखल्याची एक ओळ वाढवायला रेल्वेला एक पैसा खर्च नाही. ही मागणी आम्ही प्रशासनापुढे ठेवणार आहोत. टपालातील साथींनीही आपल्याकडे ती ठेवावी.

आता मर्यादेविषयी. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची केंद्राची मर्यादा २०१३-१४ मध्ये अडीच लाख झाली आणि २०२१ च्या सुधारित नियमांतही तीच राहिली. रेल्वेतला सर्वांत खालचा मूळ पगार १८,०००. जुलै २०१९ मध्ये महागाई भत्ता १७ टक्के झाला, तेव्हा महिन्याचे २१,०६० आणि वर्षाचे २,५२,७२० झाले. नुकता भरती झालेला खलाशीसुद्धा त्या दिवशी सरकारच्या हिशेबाने सुखवस्तू झाला! बाजारभाव वाढले म्हणून भत्ता मिळाला आणि भत्ता मिळाला म्हणून पोराची शिष्यवृत्ती गेली. मर्यादा महागाई भत्त्याशी जोडा, ही मागणी फेडरेशनने दिल्लीत लावून धरली पाहिजे. तोवर या योजना उरल्या त्या ग्रामीण डाक सेवक, ठेकेदाराकडचे सफाई कामगार आणि विधवा भगिनी यांच्यापुरत्या. त्यांचाच अर्ज अडला तर दाद मागायला त्यांना कुठला दरवाजा आहे?

बदलीवाल्यांचे दुखणे निराळे. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजच्या प्रवेशावरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली सांगितले की, एका राज्यातला अनुसूचित जाती-जमातीचा दर्जा दुसऱ्या राज्यात गेल्यावर तिथल्या सवलतींसाठी चालत नाही. त्या मुलाचे वडीलही आपल्यासारखेच केंद्राच्या उपक्रमात नोकरीला होते. त्यामुळे महाराष्ट्राचा जातीचा दाखला जोडून लखनौत अर्ज केला तर तो परत येणारच. केंद्राच्या नियमाप्रमाणे मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती द्यायची असते ती मूळ राज्याने, मुलगा शिकत कुठेही असो. ही गोष्ट ठाऊक नसल्याने पोरांची वर्षे वाया गेलेली मी पाहिली आहेत.

आणखी एक. अर्ज मंजूर होऊनही पैसे आले नाहीत, तर आधी बँकेत जाऊन आधार कुठल्या खात्याला जोडले आहे ते विचारा. रक्कम आधारवरून येत असेल तर ती शेवटी जोडलेल्या खात्यात पडते, मग अर्जात कोणताही नंबर लिहिलेला असो. कधी काळी उघडून विसरलेल्या खात्यात पैसे पडून असतात आणि घरचे लोक सरकारला शिव्या देत बसतात.

आमच्यातले काही ज्येष्ठ साथी म्हणतात, पोरांचे फॉर्म भरणे हे काय युनियनचे काम? युनियनने बोनस, रोस्टर, बढती पाहावी. त्यांच्या अनुभवाचा मला आदर आहे, पण हे म्हणणे मला पटत नाही. ओव्हरटाइमचे शंभर रुपये कापले तर आपण अर्ज लिहितो आणि वर्षाची फी बुडाली तर नशीब म्हणतो, हे कसे?

येत्या शाखा सभेत मी ठराव मांडणार आहे. कॉलेजचे प्रवेश सुरू झाल्यापासून अर्जाची मुदत संपेपर्यंत दर रविवारी सकाळी ऑफिसात एक टेबल लागेल. तिथे नावाचे स्पेलिंग, दाखल्याची तारीख आणि बँक खाते तपासले जाईल. सभासद, ठेका कामगार, पेन्शनर, सर्वांसाठी. टेबलावर बसायला दोन शिकलेली पोरे हवीत. वहिनींच्या मुलीने आपले नाव आधीच दिले आहे, दुसरे अजून मिळायचे आहे.