विश्लेषण : जुन्या सीडींना ऑनलाइन भाव किती मिळतो? आणि एवढा कमी का?

ब्रिटनमध्ये २००४ या एका वर्षात १६ कोटींहून अधिक सीडी अल्बम विकले गेले. पुढे गाणी मोबाइलवर आली, लॅपटॉपमधून आणि नव्या मोटारींतून सीडी प्लेअर गेला आणि सीडी कपाटातच राहिल्या. त्या घरबसल्या विकत घेणाऱ्या ऑनलाइन कंपन्या तिथे उभ्या राहिल्या. विकणाऱ्याच्या हाती मात्र बहुतेक सीडींमागे काही पेन्सच पडतात.

व्यवहार कसा होतो?

स्टॉकपोर्ट येथे २००७ मध्ये सुरू झालेली ‘म्युझिकमॅगपाय’, ‘वर्ल्ड ऑफ बुक्स’ची ‘झिफिट’ आणि जर्मनीतील ‘मोमॉक्स’ यांची पद्धत साधारण सारखीच. ॲपमधून सीडीच्या वेष्टनावरील बारकोड स्कॅन केला की भाव दिसतो. ठरावीक किमान रक्कम भरली की खोके पाठवायचे, टपालखर्च कंपनीचा. माल गोदामात तपासला जातो आणि मग पैसे खात्यात येतात. गोम तपासणीत आहे. ओरखडे असतील किंवा आतली पुस्तिका नसेल, तर सीडी नाकारली जाऊ शकते. नाकारलेली सीडी सहसा परत मिळत नाही. त्यामुळे अटी आधी वाचलेल्या बऱ्या.

भाव एवढा कमी का?

कंपनी सीडी स्वतःसाठी घेत नाही. ती ॲमेझॉन, ईबेसारख्या ठिकाणी पुन्हा विकते. तिथे ती प्रत आज कितीला जाते, यावरून संगणक खरेदीचा भाव ठरवतो. त्यातून टपाल, तपासणी, गोदामभाडे आणि संकेतस्थळाचे कमिशन वजा होते. शिवाय ज्या अल्बमच्या लाखो प्रती खपल्या, त्याच प्रती सर्वाधिक संख्येने विकायला येतात. म्हणजे त्या काळी घरोघरी असलेला अल्बम आज सर्वांत स्वस्त. अनेकदा तर ‘ही वस्तू घेत नाही’ एवढेच उत्तर मिळते.

याउलट ज्यांच्या मोजक्याच प्रती निघाल्या, अशा सीडींना संग्राहक चांगली किंमत देतात. पण बारकोडवर चालणाऱ्या यंत्रणेला पहिली आवृत्ती आणि नंतरची छपाई यांतला फरक नेहमीच कळतो असे नाही. सुरुवातीच्या काळातील काही सीडींवर तर बारकोडच नाही. अशी सीडी खोक्यात टाकण्याआधी ‘डिस्कॉग्स’वर तिचा छपाई क्रमांक शोधावा. तिथे जुन्या व्यवहारांतील किमती दिसतात आणि थेट संग्राहकाला विकताही येते. वेळ जातो, पण दहा-वीस पट फरक पडू शकतो. ब्रिटनमधील मराठी कुटुंबांनी भारतातून नेलेल्या नाट्यसंगीताच्या वा अभंगांच्या सीडींचीही हीच गत. बारकोड कंपनीच्या यादीत नसेल, तर गायक कितीही मोठा असो, भाव लागत नाही.

कंपन्यांना तरी परवडते का?

फारसे नाही. म्युझिकमॅगपाय एप्रिल २०२१ मध्ये लंडनच्या शेअर बाजारात आली, तेव्हा तिचे मूल्य सुमारे २१ कोटी पौंड होते. तोवर सीडीवर विसंबणे सोडून ती जुन्या मोबाइलच्या खरेदी-विक्रीकडे वळली होती. तरीही २०२४ च्या अखेरीस ‘एओ वर्ल्ड’ने ती घेतली, ती अवघ्या एक कोटी पौंडांच्या आसपास.

मोबाइलवरील गाणी का विकता येत नाहीत?

सीडी स्वस्तात का होईना, विकता येते. पैसे मोजून डाउनलोड केलेले गाणे मात्र नाही. अमेरिकेत ‘रेडिजी’ या कंपनीने वापरलेल्या गाण्यांच्या फाइलींचा बाजार मांडला होता. फाइल हस्तांतरित करताना नवी प्रत तयार होते आणि तो स्वामित्वहक्काचा भंग ठरतो, असा निकाल तेथील अपील न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला. स्ट्रीमिंगमध्ये तर मासिक वर्गणी थांबली की हाती काहीच उरत नाही.

म्हणून अनेक जण सीडी विकण्याआधी गाणी संगणकावर उतरवून घेतात. ब्रिटनमध्ये स्वतःच्या वापरासाठी अशी प्रत करण्यास ऑक्टोबर २०१४ मध्ये कायदेशीर मुभा मिळाली होती. संगीतक्षेत्रातील संघटना न्यायालयात गेल्या आणि जुलै २०१५ मध्ये ती मुभा रद्द झाली. तेव्हापासून तिथे स्वतःच्या सीडीवरचे गाणे संगणकावर घेणे कागदोपत्री बेकायदाच आहे, मग ती सीडी विकलेली असो वा कपाटात ठेवलेली.