न मागता मिळाले म्हणे!

गेल्या दिवाळीत आमच्याकडे फराळाला आलेल्या एका विद्वान गृहस्थांनी चकली मोडता मोडता एक सिद्धान्त मांडला. "विलायतेतल्या बायकांना मतासाठी तुरुंगात जावे लागले. आमच्या बायकांना ते घरबसल्या, न मागता मिळाले. आणि साहित्याचा तर त्याच्याशी काडीचा संबंध नाही!" जमलेल्या पुरुषांनी माना डोलावल्या. माझी सून चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकली, पण बोलली नाही. पाहुण्यांशी वाद घालू नये असे आपल्याकडचे वळण. म्हणून मीही गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची चुटपुट वर्षभर लागून राहिली. ती आज येथे दूर करतो.

आधी विलायतेचेच पाहू. १९०८ साली सिसिली हॅमिल्टन आणि बेसी हॅटन या दोघींनी लंडनमध्ये लेखिकांचा मताधिकार संघ काढला. सभासद होण्याची अट मोठी मासलेवाईक होती. पुस्तक, लेख, कथा, कविता किंवा नाटक, काहीतरी प्रसिद्ध झालेले असावे आणि त्याचे पैसे मिळालेले असावेत! हौशी बायकांचे हळदीकुंकू नव्हते ते. लेखणीची कमाई घरी आणणाऱ्यांचा तो संघ होता. पुढच्याच वर्षी याच हॅमिल्टनबाईंनी एका मैत्रिणीबरोबर एक प्रहसन लिहिले. सरकार म्हणते, बायकांना पोसायला घरचे पुरुष आहेत, त्यांना मत हवे कशाला? ठीक आहे, म्हणून देशातल्या साऱ्या बायका नोकऱ्या-चाकऱ्या सोडतात आणि आपापल्या जवळच्या पुरुष नातलगाच्या दारात जाऊन उभ्या राहतात. "पोसा आता!" एका गरीब कारकुनाच्या घरी बहीण येते, आत्या येते, जिचे तोंडही कधी पाहिले नाही अशी लांबची नातलग येते, आणि बिचारा दिवस मावळायच्या आत मताधिकाराचा कट्टर पुरस्कर्ता होऊन बसतो. शंभर व्याख्यानांनी जो युक्तिवाद हलला नसता, तो या एका हशाने उघडा पाडला. साहित्याचा संबंध नाही म्हणणाऱ्यांनी हे नाटक जरूर वाचावे.

लेखणी नेहमी न्यायाच्याच बाजूला असते, असे मात्र मी म्हणत नाही. त्याच १९०८ साली मिसेस हंफ्री वॉर्ड या अतिशय लोकप्रिय कादंबरीकर्त्रीने स्त्रियांना मत मिळू नये यासाठी बायकांचीच संघटना उभी केली. आपल्याकडेही १८८६ साली नारायण बापूजी कानिटकरांनी 'तरुणीशिक्षणनाटिका' लिहून शिकलेल्या मुलींची टर उडवलीच होती. शब्दात बळ आहे हे या विरोधकांना पक्के ठाऊक होते. ठाऊक नाही ते आमच्या पाहुण्यांना!

आता 'न मागता' या शब्दांचा समाचार घेऊ. १९१७ च्या डिसेंबरात मद्रासला भारतमंत्री माँटेग्यू यांच्यापुढे स्त्रियांचे शिष्टमंडळ गेले. त्याच्या अग्रभागी होत्या सरोजिनी नायडू, म्हणजे एक कवयित्री. पुढे साउथबरो समितीने ही मागणी फेटाळली. देशातील सामाजिक परिस्थिती अनुकूल नाही, हे तिचे कारण. म्हणून १९१९ मध्ये सरोजिनीबाई, मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची कन्या मिठन लंडनपर्यंत गेल्या व तेथे बाजू मांडून आल्या. तेव्हा कुठे हा प्रश्न प्रांतिक कायदेकौन्सिलांच्या मर्जीवर सोडण्यात आला. १९२१ साली मद्रासने आणि त्याच वर्षी मुंबईने स्त्रियांना मत दिले, तेही मालमत्ता वगैरेंच्या अटींवर. याला 'न मागता' म्हणायचे असेल, तर मागणे म्हणजे काय ते तरी कोणी सांगावे!

आणि मुंबई इलाख्यात या चळवळीत पुढे कोण होते? रमाबाई रानडे. त्यांच्या १९१० च्या आठवणी आपण पतिभक्तीचे पुस्तक म्हणून डोळे पुसत वाचतो. पण लिहायला-वाचायला शिकल्याबद्दल घरातल्याच बायकांचे टोमणे त्यांनी किती सोसले, हेही त्याच पुस्तकात आहे. अक्षरासाठी जिने टोमणे खाल्ले, तिला मताची किंमत वेगळी समजावून सांगावी लागली नाही.

मुळात आपली मराठी फार शहाणी आहे. विचाराला आणि पेटीत टाकायच्या हक्काला ती एकच शब्द वापरते: मत. बाईला स्वतःचे मत असते हे आधी पटवावे लागते. पेटी मागाहून येते. हे पटवण्याचे काम कोणी केले? १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून पुरुषांचाच जमाखर्च मांडला. जोतीराव फुले त्यांच्या पाठीशी उभे राहिले. बाकीच्यांनी हे पुस्तक असे विसरून टाकले, की १९७५ मध्ये स. गं. मालशे यांना ते नव्याने वाचकांपुढे आणावे लागले. हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षांत कोण घेतो!' मध्ये यमूच्या तोंडी 'मी' घातला आणि घरोघरच्या पुरुषांना तो ऐकायला लावला. या पुस्तकांनी मतपेटी मागितली नाही हे खरे. पण त्यांच्यावाचून पेटी आली असती, तरी ती रिकामीच राहिली असती.

हा काही शब्दांचा खेळ नव्हे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे ८ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाखांना यादीबाहेर राहावे लागले. कारण काय, तर त्यांनी स्वतःचे नाव सांगितले नाही; अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढीच त्यांची ओळख. ही नावे मुख्यतः उत्तरेकडची होती म्हणून आपण हुरळून जाऊ नये. माझ्या आजीला सारी आळी 'बापूची आई' म्हणे. तिचे खरे नाव मला कळले ते ती गेल्यावर, दहाव्याच्या दिवशी. राज्यघटनेने मत दिले. पण 'मी अमुक' म्हणण्याची सवय कोणत्याही कलमाने लागत नाही. ती वाचनाने लागते, लिहिण्याने लागते.

कोणी म्हणेल, कसेही मिळाले असो, मिळाले ना? मग ही उठाठेव कशाला? उठाठेव अशासाठी, की दान म्हणून मिळालेल्या वस्तूबद्दल आभार मानायचे असतात आणि हक्काच्या वस्तूचा हिशेब मागायचा असतो. २०२३ साली लोकसभेत व विधानसभांत स्त्रियांना एक तृतीयांश जागा राखून ठेवणारा कायदा झाला. त्याच्या नावात 'वंदन' आहे, आणि अंमल मात्र जनगणना व मतदारसंघांची फेररचना होईपर्यंत पुढे ढकललेला! वंदन कोणी मागितले होते? 'न मागता मिळाले' ही थाप जोवर फराळाच्या ताटाभोवती खपते आहे, तोवर मागणाऱ्या बाईला 'आणखी काय हवे?' असे विचारण्याची सोय राहणारच.

यंदाही ते गृहस्थ फराळाला येणार आहेत. त्यांचे स्वागतच आहे. चहा मी करणार आहे. बोलणार सूनबाई आहेत.