झोळाची नोंद

कोणत्या डीपीवरून, म्हणजे रोहित्रावरून, कुणाची मोटार चालते, हे गावचा वायरमन झोपेतही सांगेल. त्याची बदली झाली की हा नकाशाही त्याच्यासोबत जातो. कोपरगाव तालुक्यातल्या एलटी, म्हणजे लघुदाब, लाइनची खरी स्थिती कागदापेक्षा अशा डोक्यांतच अधिक आहे.

गोदाकाठची काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खांब कलतो, तारेचा झोळ वाढतो. रस्ता ओलांडणारी लघुदाब तार किमान 5.8 मीटर उंच हवी, असा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा नियम. शेतातल्या उघड्या तारेला 4.6 मीटर. उसाच्या फडात ही उंची कोण मोजतो? झोळलेल्या तारा एकमेकींना भिडू नयेत म्हणून शेतकरी दोन तारांमध्ये वाळकी काठी बांधून मोकळा होतो. वारा सुटला, काठी निसटली, ठिणगी पाचटात पडली की तोडणीला आलेला फड गेलाच. मग पंचनामा. जळण्याआधी तार किती खाली होती, हे तेव्हा कशावरून ठरवणार?

ड्रोन किंवा गाडीवर बसवलेला लेसर खांबाची जागा, कल आणि झोळ तारीखवार टिपू शकतो. एका डीपीवरच्या मीटरांचा व्होल्टेज साधारण एकत्रच वर-खाली होतो. त्यावरून कुठला ग्राहक कुठल्या डीपीवर, हेही संगणक सांगतो. अर्थात मीटर असेल तर! विनामीटर पंपांचा हिशेब अश्वशक्तीवर आणि अंदाजावर चालतो. 11 हजार व्होल्टऐवजी 400 व्होल्टवर तेवढीच वीज न्यायची तर प्रवाह साडेसत्तावीस पट लागतो आणि त्याच तारेत गळती सुमारे 750 पट होते. म्हणजे लांबच लांब एलटी लाइनची गळतीही पंपांच्या नावावर खपवता येते. लाइनची लांबी मोजली तर ही सोय जाईल.

2021 च्या केंद्रीय वितरण सुधारणा योजनेतून स्मार्ट मीटरना पैसा मिळाला. ग्राहकाचा वापर मोजण्याची ही निकड तारेच्या बाबतीतही दिसायला हवी. ड्रोनला एक अडचण आहे: काकडीचा विमानतळ याच तालुक्यात आहे. त्याच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. तिथे मोजपट्टी घेऊन माणसे फिरवा, पण मोजा. महावितरणने हे काम गळीत हंगामाआधी करावे आणि दोन खांबांमधल्या गाळ्यागाळ्याची नोंद, तारखेसह, ग्रामपंचायतीत लावावी. विद्युत निरीक्षक फडावर येईल तेव्हा शेतकऱ्याच्या हातात त्या नोंदीची प्रत असली पाहिजे.